शेवटचा बाक

शेवटचा बाक जागेवर नव्हता. मधली सुट्टी संपली, छोट्या बाई वर्गात शिरल्या आणि दारातच थबकल्या. दुसरीचे सगळे बाक फळ्याला येऊन भिडले होते. मागे नुसती मोकळी फरशी, आणि भिंतीला टेकलेली मोठ्या बाईंची खुर्ची.

छोट्या बाई म्हणजे शिकाऊ बाई. आज त्यांचा परीक्षेचा पाठ होता, आणि आवाजाची तर बोंबच होती. घरी दादा म्हणायचा, हिच्याशी भांडायचं तर आधी टीव्ही बंद करावा लागतो. आठवडाभर गच्चीवर जाऊन त्या ओरडायचा सराव करत होत्या. घसा बसला, पण आवाज काही उठला नाही. वर्गाच्या मोठ्या बाईंचं उलटं, आणि पाठ तपासणार होत्या त्याच. त्या 'गप्प' म्हणाल्या की शेजारचा वर्गही गप्प व्हायचा. काल सगळ्या मुलांदेखत त्यांनी सुनावलं होतं, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचला नाही तर पास करणार नाही.

बाक कुणी हलवले, म्हणून विचारलं तर सगळी मुलं एकदम साळसूद. तोंड उघडलं ते शेवटच्या बाकावरच्या भोंग्याने. भोंगा म्हणजे वर्गातली सगळ्यात चिमुकली मुलगी. ती कुजबुजली तरी ऑफिसात ऐकू जायचं.

"शेवटचा बाक आता इथंच आहे, बाई. एवढं जमेल ना तुम्हाला?"

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. त्यांनी बाकांकडे बघितलं, छोट्या बाईंकडे बघितलं, आणि मागे भिंतीशी जाऊन बसल्या. झालं, आता बाडबिस्तरा गुंडाळायचा, छोट्या बाईंना वाटलं. पण समोर मुलं कोपराला कोपर लावून, माना पुढे काढून बसली होती. एवढ्या जवळच्या माणसांवर कोण ओरडतं? त्यांनी आपल्या नेहमीच्या आवाजात गोष्ट सुरू केली. एक गोगलगाय होती. तिला वाटायचं, आपलं घर हरवलंय. दिसेल त्याला ती घराचा पत्ता विचारत फिरायची.

खोडरबर पडला तरी ऐकू यावा इतका वर्ग शांत झाला. गोगलगाय तळ्याच्या काठाशी पोचली, पाण्यात डोकावली, आणि मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा. छोट्या बाई अडखळल्या, थांबल्या. आता या उठून जाणार.

मुलांनी वळून पाहिलं. मोठ्या बाई खुर्चीसकट भोंग्याच्या पाठीशी येऊन बसल्या होत्या.

"थांबलीस का गं?" त्या चक्क कुजबुजल्या. "पाण्यात काय दिसलं तिला?"