सतरावी तार

मिक्सरच्या मागे तारा सतरा होत्या आणि यादीत सोळा. बारा माइकच्या, चार स्पीकरच्या. नवा मिक्सर बसवायला आलेल्या तिथीने बोट ठेवून दोनदा मोजल्या. सतराव्या तारेला चिठ्ठी नव्हती, नुसती काळी पट्टी गुंडाळलेली होती.

"निरापददा, ही कोणाची?"

"ती होय. जुनी आहे. राहू दे."

"राहू दे कशी? नव्या मिक्सरमध्ये निनावी काही राहत नाही. प्रत्येक आवाजाला नाव, आणि ते नाव सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरवरही दिसणार. सांगा, टाइप करते."

निरापद हाजराने चहाचं मातीचं बोळकं उचललं. ते रिकामं होतं. तरी त्याने ते ओठांना लावलं.

कृष्णनगरच्या या नाट्यगृहात तो एकतीस वर्षं आवाज सांभाळत होता. चार वर्षांपूर्वी एका दुपारी हैमंती सान्याल त्याच्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं. नाट्यसंस्थेच्या त्या सर्वांत थोर नटी. संवाद विसरणाऱ्या एका नटाला त्यांनीच भर तालमीत घरी पाठवलं होतं. "ज्याला आठवत नाही त्याने तिकीट काढून समोर बसावं," हे त्यांचंच वाक्य, आणि संस्थेचा तोच नियम होऊन बसला होता. त्या दुपारी त्या त्याच्या माइकसमोर येऊन बसल्या. "निरापद, माझी आई आधी किल्ल्या विसरली," त्या म्हणाल्या. "मग माझं नाव."

त्याच आठवड्यात त्याने ही तार टाकली. वरच्या खोलीतल्या त्याच्या माइकपासून रंगमंचाच्या फळ्यांखालून थेट पुढच्या दिव्यांच्या रांगेपर्यंत. तिथे काडेपेटीएवढा स्पीकर होता. हैमंतीदींनी हातातली शंखाची बांगडी फिरवली की निरापद पुढचं वाक्य कुजबुजायचा, आणि त्या बोलू लागायच्या. दर वेळी संहितेच्या समासात तो पेन्सिलने एक टिंब द्यायचा. तारेची गोष्ट दोघांनाच ठाऊक होती.

आज साडेसहाला प्रयोग होता. सकाळचे अकरा वाजले होते.

हैमंतीदी तिसऱ्या रांगेत येऊन बसल्या होत्या. मांडीवर मुरमुऱ्यांचा पुडा होता, पण त्या खात नव्हत्या. निरापद खाली उतरला आणि वाकून शेजारची खुर्ची नीट केल्यासारखं करू लागला.

"काढणार ती?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"तिथी नाव विचारतेय."

"मग मी आज उभी राहणार नाही. ताप आला म्हणून सांग." त्यांनी बांगडी फिरवली. ही खूण नव्हती, भीती होती. "शनिवारी तिसऱ्या अंकात सगळं पांढरं झालं रे. पुढे काहीच नाही. तुझा आवाज आला तेव्हा वाट दिसली. तो आवाज गेला तर मी तिथे उभी राहून काय करू? लोकांकडे बघत बसू?"

निरापद मनात हिशेब मांडू लागला. सांगितलं तर दुपारपर्यंत गावभर होणार. न सांगितलं तर तार जाणार, आणि संध्याकाळी सातशे माणसांसमोर ही बाई मुकी होणार. तो परत वर गेला.

"लिही," तो तिथीला म्हणाला. "हैमंतीदी. त्यांना ऐकवायची तार आहे. आता तुला हसायचं असेल तर हस."

तिथी हसली नाही. टाइप करायचीही थांबली. "वेगळ्या नावाने ठेवते," ती म्हणाली. "'घड्याळ' म्हणू. कोणी विचारणार नाही. नवी तारही बसवून देते. पण आधी जुनी कशी चालते ते बघू दे, म्हणजे तेवढाच आवाज लावता येईल."

निरापद तिला घेऊन जिना उतरला.

रंगमंचावर जाऊन तिने दिव्यांच्या बाजूने तार ओढली. ती हलेना. कशात तरी अडकली होती. तिने पेचकसाने एक फळी उचकटली आणि टॉर्च मारला.

"या फळ्या कधी बसवल्या, निरापददा?"

"दोन वर्षं झाली. दुर्गापूजेच्या आधी."

खिळा तारेच्या मधोमध आरपार गेला होता. तांब्यावर हिरवं चढलं होतं. सुतार ठोकत होता तेव्हा निरापद शेजारीच उभा होता. 'इथे तार आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण तो सुतार हैमंतीदींच्याच गल्लीतला, तोंडात तीळ न भिजणारा. निरापद गप्प राहिला होता.

"नाही," तो म्हणाला. "खिळा असला तरी आवाज जातो. शनिवारी गेलाय. विचार त्यांना."

"बरं. मोजून बघू. वर जाऊन शनिवारचंच वाक्य बोला, तेवढ्याच आवाजात. आधी एक मिनिट गप्प राहा."

तो जिना चढून वर गेला. खोलीत संहिता उघडीच होती. फळ्या बसवल्यानंतरची टिंबं त्याने मोजली. त्रेचाळीस. खाली तिथी आवाज मोजायचं यंत्र त्या लहानशा स्पीकरला टेकवून बसली होती. तिसऱ्या रांगेत हैमंतीदींनी पुडा घट्ट धरला होता.

तो एक मिनिट थांबला. मग माइकशी वाकून कुजबुजला, "नदी परत आली, पण घाट आपल्या जागी नव्हता."

तिथीने वहीत दोन ओळी लिहिल्या.

निरापद गप्प असताना: एकतीस डेसिबल.
निरापद बोलत असताना: एकतीस डेसिबल.