अर्धं राहिलेलं वाक्य

"नेत्रा, छातीत..." एवढं बोलून श्रीरंगरावांच्या उशाजवळच्या स्पीकरमधला आवाज अडकला. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती. मनात आलेले शब्द डोक्याला लावलेल्या पट्टीतून, घरच्या इंटरनेटवरून त्या स्पीकरमध्ये यायचे आणि त्यांच्याच आवाजात ऐकू यायचे.

नेत्राताई तडक शेजारच्या कौस्तुभकडे गेल्या. स्वतःची इंटरनेट लाइन बंद पडल्यावर त्याने त्यांचंच कनेक्शन मागून घेतलं होतं, आणि त्याने काही मोठं लावलं की इकडे स्पीकर अडकायचा. त्याच्याकडे भिंतभर मॅच चालू होती.

"बंद कर आधी ते!"

"काकू, शेवटची ओव्हर आहे. काकांना पाच मिनिटं थांबायला सांगा ना."

नेत्राताईंनी स्वतःच बटण दाबलं. भिंत काळी झाली आणि उघड्या दारातून श्रीरंगरावांचा आवाज आला, "छातीत कळ येतेय गं! केव्हाचा सांगतोय!"

कौस्तुभनेच गाडी काढली. वेळेत पोचल्यामुळे श्रीरंगराव वाचले. दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलमध्ये हात जोडून उभा राहिला. "काकू, चुकलं माझं."

"मला काय सांगतोस?" नेत्राताईंनी पलंगाजवळ खुर्ची ओढली. "बस इथे. तुझ्यापायी रोज त्यांचं बोलणं तुटायचं. आज ते सगळं बोलतील आणि तू ऐकशील."

उशाशी ठेवलेला स्पीकर आता हॉस्पिटलच्या इंटरनेटवर होता; श्रीरंगरावांनी सुरुवात केली. जेवणाची वेळ टळून गेली, तरी कौस्तुभची उठायची हिंमत झाली नाही.