अकरा किलो

ट्रॅकवर पळवायच्या गाडीला नवं सस्पेन्शन घातलं की चारही चाकांखाली वजनकाटे ठेवतात आणि ड्रायव्हरला आत बसवून स्प्रिंगा जुळवतात. धाकट्या भावाची गाडी दरवर्षी मीच जुळवतो. या वेळी चॅसिसला आडव्या दांड्या वेल्ड केल्या, मागची सीट काढून टाकली. मागच्या वर्षीच्या वजनात जे घातलं ते मिळवलं, काढलं ते वजा केलं. तरी काट्यांवर अकरा किलो कमीच भरत होते.

"दादा, तुझे काटे म्हातारे झाले," धाकटा हेल्मेटमधून म्हणाला.

मी स्वतः एकेका काट्यावर उभा राहिलो. एकानेही माझ्या पोटाची भीड ठेवली नाही. मग टाकी पाहिली, डिकी पाहिली, बॉनेट उघडून पुन्हा सगळं चाचपलं.

"खरं सांग, मला न विचारता गाडीतून काय काढलंस?"

त्याने आत बसूनच हेल्मेटची काच खाली ओढली.



"गाडीतलं काही नाही गेलं, दादा. ते अकरा माझे आहेत. रिपोर्ट आलाय, आईला एवढ्यात सांगू नकोस."