ज्याचा वेळ, त्याची फी

"तिप्पट," काकू म्हणाली आणि डाव कढईवर आपटला. "मी काय लोकांना सोन्याच्या ताटात वाढते?"

नोटीस घेऊन आलेला नगरपालिकेचा शिपाई कोपऱ्यातल्या बाकावर अंग चोरून बसला होता. त्याला निघायचं होतं. पण पुढ्यात ताट होतं आणि दारात काकू.

"मी फक्त कागद आणून देतो हो, काकू."

"मग तुला कोण काय म्हणतंय? जेव तू. तुझ्या साहेबांकडे मी बघते."

काकूची नववीतली पुतणी कांदे चिरायचे सोडून नोटीस मोठ्याने वाचत होती. मतलब एवढाच होता, की खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांच्या दुकानांची तपासणी करायला नगरपालिकेला जेवढा खर्च येतो, तेवढा यापुढे आरोग्य परवान्याच्या फीतून वसूल होणार. आजवर नगरपालिका पदरचं घालत होती, आता घालणार नव्हती, म्हणून फी तिप्पट. हरकती ऐकायला पुढच्या आठवड्यात नगरपालिकेत सुनावणी होती.

"कसला डोंबलाचा खर्च? एक माणूस येतो, हातात एक टॉर्च," काकू म्हणाली. "बरं, त्या तीनमजली हॉटेलला किती?"

"आपल्याएवढीच. गल्लीत सगळ्यांना सारखी."

काकूच्या अंगाचा तिळपापड झाला. काका गेल्यापासून ही सहा टेबलांची खानावळ तिने एकटीने ओढली होती. यंदा भाडं वाढलं, गॅस वाढला. आता ही फी भरायची तर शटर खाली ओढायचं, दुसरा मार्ग नव्हता. आणि त्या हॉटेलात झुरळं इतकी जुनी, की गल्ली म्हणायची, ती पगारावर आहेत.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," पुतणी म्हणाली. गेल्याच महिन्यात वक्तृत्वात पहिली आल्यापासून तिच्या तोंडात म्हणी तयारच असत. "काकू, सुनावणीला मी पण येणार. मी बोलणार."

"बोल. पण माइक सोडायला शिक."

सुनावणीच्या दिवशी सभागृहात अख्खी गल्ली लोटली. बेकरीवाला सकाळपासून उपाशी आहे हे कळल्यावर काकूने पिशवीतून डबा काढला, मग शेजारच्या ज्यूसवाल्यालाही दिला. रागाने तिचे कान लाल झाले होते, पण हात वाढत होते.

अधिकारीबाईंनी चष्मा पुसला. "निरीक्षकाचा वेळ हाच आमचा खर्च. तुमची गल्ली म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. तिला अख्खा दिवस जातो, आणि पुढच्या गल्लीला दुसऱ्या दिवशी गाडी काढावी लागते. हा खर्च भरायचा कोणी?"

"माझ्याकडे तर साहेब भट्टी बघतात आणि जातात," बेकरीवाला तोंडातला घास गिळत म्हणाला.

"माझं दुकानच एवढंसं आहे," ज्यूसवाला म्हणाला. "साहेब आत आले की मला बाहेर उभं राहावं लागतं."

लोक हसले. मग हसू थांबलं आणि सगळ्या माना मागच्या रांगेकडे वळल्या. तिथे हॉटेलवाला मोबाइलवर बोटं फिरवत बसला होता.

"कळलं ना, दिवस कुठे जातो ते?" काकू उठून उभी राहिली. "यांनी घाण करायची, ती शोधण्यात साहेबांनी दिवस घालवायचा आणि बिल आम्ही भरायचं. लाज कशी वाटत नाही माणसाला?"

बाजूच्या खुर्चीवरचा निरीक्षक अर्धवट उठला. "काकू, जरा माझं ऐका—"

"तुम्ही बसा, साहेब. तुमच्यावर राग नाही माझा."

तो बसला.

पुतणीने माइक ओढून घेतला. "सगळ्यांना सारखी फी हा न्याय नाही. ज्याच्याकडे जेवढा वेळ जातो, त्याने तेवढी फी भरावी. वेळ साहेबांनीच नोंदवावा. खाई त्याला खवखवे."

टाळ्या थांबेनात. पहिल्यांदाच कोणी वाढ रद्द करा म्हणण्याऐवजी काही सुचवत होतं. अधिकारीबाई पुढे झुकल्या.

"चालेल. पण एकदा ठरलं की वर्षभर बदलता येणार नाही. आणि निरीक्षकाच्या नोंदवहीतल्या गेल्या वर्षीच्या वेळेवरूनच यंदाची फी बसेल. कबूल?"

"लिहून घ्या," काकू म्हणाली. तिचाच हात सगळ्यांत आधी वर गेला. मग बेकरीवाल्याचा, ज्यूसवाल्याचा, रांगेमागून रांगेचा. शेवटी मोबाइलवरून नजर न उचलता हॉटेलवाल्यानेही हात वर केला.

"बघा, आता कसा मुकाट्याने करतोय," काकू पुटपुटली. किती दिवसांनी तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं होतं. तिने पुतणीच्या पाठीवर थाप मारली. "माझ्या खानावळीची वकील."

अधिकारीबाईंनी ठराव वाचला आणि मंजूर झाल्याचं जाहीर केलं.

पुतणी अजून माइकपाशीच होती. "आता साहेबांनी सर्वांसमोर सांगावं. सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो?"

निरीक्षक उठला. घसा साफ करून त्याने मागच्या रांगेकडे बोट केलं. "यांच्या स्वयंपाकघरात उभंसुद्धा राहवत नाही. नाक दाबून आत जातो, दंडाची पावती फाडतो आणि लगेच बाहेर. गल्लीत सगळ्यात कमी वेळ यांचा."

"मग जास्त कुणाचा?" काकू कडाडली. "घाबरता कुणाला? नाव घ्या."

निरीक्षकाने मान खाली घातली.

"दर वेळी अख्खी दुपार जाते, काकू. जेवल्याशिवाय तुम्ही मला उठू देता का कधी?"