कमळातली टिंबं

“टिंबं झिजलेली नाहीत, चाचा. मुळात पाडलेलीच नाहीत,” असं म्हणत गणपतरावांनी मूठभर जुनी तांब्याची नाणी कुतुबुद्दीनचाचांच्या पुढ्यात मांडली.

नाण्यांवर कमळ होतं. पाकळ्या अशा धारदार की बोटाला टोचाव्यात. पण कमळाच्या पोटात बारीक टिंबं हवी होती, तिथं नुसतं सपाट तांबं. आधीच्या नाण्यांवर ती होती, टांकसाळीच्या शेवटच्या काही सालांतल्या एकावरही नव्हती. गणपतराव दरबारात कारकून, पण जीव सगळा जुन्या नाण्यांत. या टिंबांनी त्यांची झोप उडवली होती. झिजली म्हणावं तर पाकळ्यांच्या कडा शाबूत. ठशात मळ बसला म्हणावं तर ठसे वेगवेगळे, आणि टिंबं एकातही नाहीत. म्हणजे ठसा कोरणाऱ्यानंच ती सोडली. आणि जुन्या टांकसाळीत हे ठसे कोरायचा तो मीरासाब, कुतुबुद्दीनचाचांचा पणजोबा.

परवा कोल्हापुरात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरणार होतं. खुद्द महाराज बघायला येणार होते. नाण्यांखाली ठेवायची चिठ्ठी गणपतरावांनी लिहूनच आणली होती. ज्याच्या घराण्याबद्दल लिहिलंय त्याला आधी ऐकवावं, एवढी माणुसकी त्यांच्यात होती. त्यांनी घसा साफ करून वाचलं, “ठसेकार मीरासाब याच्या आळसामुळे टिंबं राहून गेली.”

चाचांचा चेहरा लालबुंद झाला. मीरासाब कामचुकार होता, हे गुजरीत, सोनारांच्या त्या पेठेत, चार पिढ्या कानोकानी चाललं होतं. घरची माणसं लाजेनं त्याचं नावही काढत नसत. पण कुजबूज वेगळी आणि महाराजांसमोर मांडलेली चिठ्ठी वेगळी. ती एकदा ठेवली की घराण्याच्या कपाळी कायमचा डाग.

“रक्तातच हाय म्हणायचं,” दारात उभा असलेला सयाजी सोनार म्हणाला. चाचा गुजरीतल्या सोनारांना दागिन्यांचे ठसे कोरून देत. सयाजीच्या हातात साजाच्या पानाचा ठसा होता, तो परत द्यायला आला होता. “पान असं कोरलंय की देवीच्या अंगावर शोभंल. अख्ख्या गुजरीत असा हात न्हाय. पन कडंची टिंबं पाडा म्हटलं की ह्यांचा हात आखडतोय.”

गणपतरावांना ते मनातून पटलं. चाचा अलीकडं बदललेच होते. रस्त्यात रामराम घातला तरी मान वर करत नसत. शिवाय उतारवयात बायकोचं भलतंच वेड लागलं होतं. कुठं जायचं झालं की चाँदबी पुढं आणि हे तिच्या मागं मागं. कामाला बसले तरी ती शेजारी, हत्यार मागायच्या आत हातात देत. गुजरी तोंडावर हात धरून हसायची.

“तुम्हीच बघा की,” म्हणून गणपतरावांनी भिंग पुढं केलं. चाचांनी ते घेतलंच नाही. एक नाणं उचललं आणि भिंतीकडं तोंड करून अंगठ्यानं चाचपत बसले. रुसले वाटतं, असं गणपतरावांच्या मनात आलं. अंगठा कमळावरनं फिरला, टिंबांच्या जागी थबकला, मग काठाकाठानं गेला आणि एके ठिकाणी अडखळला. चाचांनी दुसरं नाणं घेतलं. मग तिसरं.

“गणपतराव, हितं काठाला उंचवटा हाय, त्यो बघितलासा?”

“मोहरीएवढा ना? तांब्याची गाठ असेल.”

“समद्या नाण्यांवर? आन् बरोबर कमळाच्या देठाखालीच?”

गणपतरावांनी भिंग लावून एकेक नाणं पाहिलं. खरंच, सगळ्यांवर होता.

“ठशाच्या काठाला कानशीनं खाच पाडली, की नाण्यावर तिचा असा उंचवटा येतोय,” चाचा म्हणाले. “ठसा हातात फिरला तर वर कुठलं आन् खाली कुठलं, हे बोटाला कळावं म्हणून ती खाच. डोळं असलेल्या माणसाला ती कशाला लागती?” त्यांचा आवाज चढत गेला. “माझा पणजोबा आळशी न्हवता. आंधळा झालता! पाकळी खोल असती, ती बोटाला गावती. टिंब पडलं बारीक. नीट बसलं का चुकलं, बोटाला कळत न्हाय. ज्याची खातरी न्हाय त्यो घाव घालायचा न्हाय, म्हणून त्यानं जागा मोकळी सोडली. ह्याला आळस म्हंता व्हय?”

गणपतरावांच्या अंगावर काटा आला. असली पाकळी, आणि आंधळ्याच्या हातची! आपल्या गावात असा माणूस होऊन गेला, या विचारानं त्यांचा ऊर भरून आला. पण चिठ्ठी महाराजांपुढं जायची होती.

“चाचा, हे तुमच्या घरात कुणी सांगितलेलं आहे का? नुसत्या उंचवट्यावरनं मी कसं लिहू?”

शेजारी बसलेल्या चाँदबीनं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. “अवो, ऱ्हाऊ द्या की. गेलेल्या माणसापायी हातचं काम घालवू नगा. उद्या कोन ठशाचं काम दील तुमास्नी?”

चाचांनी तिचा हात हळूच सोडवला. ते उठून उभे राहिले, छाती पुढं काढून, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “सयाजी, तुझ्या हातातल्या ठशाचा काठ चाचप.”

सयाजीचा अंगठा काठावरनं फिरला आणि थांबला.

“खाच हाय, चाचा.”

“माझ्या परत्येक ठशाला हाय,” चाचा म्हणाले. “लिवा, गणपतराव. दोन सालं झाली, मला बी दिसत न्हाय.”