वाटीएवढी खिडकी
समुद्राकाठच्या बंगल्यांच्या आराखड्यातले बदल आमच्या ग्रामसभेत मंजुरीला आले होते. शालिनीनं नारळाची वाडी अलिबागच्या बिल्डरला विकून फक्त राहतं घर ठेवलं होतं. नव्या नकाशात तिच्या आणि थोरल्या जावेच्या घरांमधल्या कुंपणाच्या जागी बंगल्यांच्या आवाराची सहाफुटी भिंत आखली होती. थोरली अनुसूया उठली. “भिंतीत खिडकी ठेवा.” बिल्डरच्या इंजिनियरनं विचारलं, “तुमचं येणंजाणं आहे का?” “वाटणी झाल्यापासून बारा वर्षं बोलणंसुद्धा न्हाय.” “मग खिडकी कशाला?” अनुसूयेनं पिशवीतून वाटी काढून नकाशावर ठेवली. या बारा वर्षांतही कुंपणावरून हीच वाटी रोज आमटी घेऊन पलीकडे जायची, कधीच रिकामी परतायची नाही. इंजिनियरनं वाटीभोवती पेन्सिल फिरवली. सरपंच म्हणून मी शिक्का उचलला, तेवढ्यात मागून शालिनी बोलली. इंजिनियरशी नाही, थेट अनुसूयेशी. “खिडकीतून आमटी सांडेल, जाऊबाई. मागायचंच तर सरळ दार मागा.”