डावीकडे कलणारं विमान

"आई, उजवीकडे घे ना!" मृण्मयी किंचाळली.

"घेतेय गं! हा मेला माउसच ऐकत नाही!"

हल्ली सगळे पायलट घरूनच विमानं उडवायचे. जुन्या सिम्युलेटर-गेमसारखाच पडदा, तसाच माउस. फक्त विमान खरं. आई जेवणाच्या टेबलावरून एकशे चाळीस माणसं नागपूरला नेत होती आणि विमान डावीकडे कलतच चाललं होतं. स्पीकरमधून प्रवाशांचा आरडाओरडा येत होता. मृण्मयीने वायर काढून पुन्हा लावली, माउसखालचं पॅड बदललं. काही उपयोग नाही! शेवटी तिने माउसच उलटा केला. खालच्या दिव्याच्या भोकात हळदकुंकू गच्च बसलं होतं. आज खंडेनवमी, म्हणून सकाळी तिनेच हौसेने त्याची पूजा केली होती!

तिने ओढणीच्या टोकाने भोक पुसलं, जीव खाऊन फुंकर मारली. आईने माउस हिसकावला. विमान हळूहळू सरळ झालं.

"कार्टे, गेले असते ना सगळे!" आई रडतारडता हसली.

मृण्मयीला मात्र हसू येईना. आज पायलटांच्या घरोघरी पूजा झाली असणार. पडद्याच्या कोपऱ्यात आणखी एक विमान कलायला लागलं होतं.